पाठराखिणी थकतात तेव्हा

पत्र:

‘आमचे हे ६९ वर्षांचे. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. साखर आहे, बी.पी.ची गोळी चालू आहे. मार्चमध्ये त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. उष्णतेने अंगात हीट शॉक प्रोटीन तयार होतं, वयाबरोबर ते कमी होतं म्हणून माणूस म्हातारा होतो, आणि अंग तापवलं की ते परत वाढतं, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी साडेबाराला गच्चीवर जाऊन पाऊण तास उन्हात बसतात. घरात कूलर लावू देत नाहीत. मागच्या आठवड्यात गच्चीवरून उतरताना भोवळ आली, कठडा हाताला लागला म्हणून वाचले. म्हणतात, शरीर जुळवून घेतंय. आता वाफेची पेटी घ्यायची आणि प्रोटीन वाढवणाऱ्या कॅप्सूल मागवायच्या असं चाललंय. मी काही बोलले की “तुला विज्ञान कळत नाही” म्हणतात. असं प्रथिन खरंच असतं का? असलं तर त्यांना अडवून मी चूक करतेय का? जूनमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तोवर हे धड राहावेत एवढंच मागणं.’
– एक वाचक, अकोला

ताई,

गच्ची आजपासून बंद. कूलर आज दुपारी सुरू. बाकीचं सगळं सविस्तर लिहिते, पण हे दोन निरोप आधी पोचवा. भाऊंनी ऐकलं नाही तर गच्चीच्या दाराची किल्ली तुमच्याकडे ठेवा. त्यात तुमचं काही चुकत नाही.

आता प्रथिनाचं. ते खरं आहे. वयाबरोबर त्याच्यात बदल होतो हेही खरं आहे. म्हणूनच भाऊंशी वाद घालणं तुम्हाला जड जातंय. व्हिडिओतलं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं अर्धवट आणि तिसरं घातक. तीस वर्षं मी मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे. थोडं मागून सुरू करते.

एम.एस्सी.ला असताना आम्हाला फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी काढायला शिकवलं होतं. अळी तांदळाच्या दाण्याएवढी. दोन सुया घ्यायच्या, एकीने धड दाबायचं, दुसरीने तोंड ओढायचं. जमलं तर दोन पारदर्शक पिशव्या बाहेर येतात. त्यांच्यावर रंग टाकायचा, वर काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसतात, आडव्या पट्ट्यापट्ट्यांची, जाडजूड. त्या दिवशी सरांनी अळ्यांची एक बाटली अर्धा तास ३७ अंशांवर ठेवली होती. फळमाशीला २५ अंश मानवतात. त्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले होते, पुरीसारखे टम्म. बाटली बदलली तरी जागा त्याच. तिथली जनुकं जागी होऊन घाईघाईने कामाला लागली होती. मला आजही तो गोल प्रकाश आणि त्यातला तो फुगवटा डोळ्यांसमोर दिसतो.

हेच फुगवटे इटलीतल्या फेरुच्चो रितोस्सा या संशोधकाला साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिसले, तेही योगायोगाने. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं होतं. त्याने ते निरीक्षण लिहून पाठवलं, तर एका मोठ्या नियतकालिकाने महत्त्वाचं नाही म्हणून परत केलं. शेवटी १९६२ साली ते दुसरीकडे छापून आलं. त्या जागी तयार होणारी प्रथिनं १९७४ साली आल्फ्रेड तिसिएर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवली. सापडली उष्णतेच्या निमित्ताने, म्हणून नाव पडलं हीट शॉक प्रोटीन, थोडक्यात एचएसपी. पुढे कळलं की ती जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांत आहेत, आणि उष्णता हे त्यांच्या कामाचं एक निमित्त आहे फक्त. ताप, प्राणवायूची कमतरता, जड धातू, दमवणारं काम, कशानेही ती वाढतात. काहीच झालेलं नसतानाही ती पेशीत भरपूर असतात. त्यांतलं एकटं एचएसपी-९० घेतलं तरी पेशीतल्या एकूण प्रथिनांत शेकडा एक ते दोन भरतं. नावापुढचा आकडा म्हणजे त्या प्रथिनाचं वजन, किलोडाल्टन या रेणूंच्या वजनाच्या मापात. २७, ६०, ७०, ९० अशी ही भावंडं.

त्यांचं काम सांगायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: पाठराखीण. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर जाते ती. नवरी बावरलेली असते, घर अनोळखी असतं. पाठराखीण चार दिवस राहते, तिला सांभाळून घेते, भलतीकडे अडखळू देत नाही, आणि नवरी रुळली की आपल्या घरी परत येते. त्या संसारात ती राहत नाही. शास्त्रज्ञ या प्रथिनांना ‘शॅपरोन’ म्हणतात, त्याचा अर्थ जवळपास हाच आहे.

प्रथिन तयार होतं तेव्हा ते लांबलचक साखळी असतं. तिची नेमकी घडी पडली तरच ते कामाचं. साखळीचे काही भाग तेलकट स्वभावाचे, पाण्याला टाळणारे. ते घडीच्या आत जायला हवेत. पेशीत एवढी दाटी असते की घडी पडायच्या आत दोन साखळ्यांचे तेलकट भाग एकमेकांना चिकटू शकतात. एचएसपी-७० अशा उघड्या भागाला धरून ठेवतं, सोडतं, पुन्हा धरतं, आणि साखळीला नीट घडी पडायला उसंत देतं. घडी पडली की बाजूला होतं.

तापमान वाढलं की पडलेल्या घड्याही उलगडायला लागतात. अंडं उकडताना आपण हेच बघतो. पांढरा बलक आधी पाण्यासारखा आरपार दिसतो. तापला की त्यातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि पांढरी घट्ट होतात. मग ते अंडं गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा कच्चं होत नाही. आपल्या पेशीत एवढी आच कधी लागत नाही, पण नेहमीपेक्षा चार-पाच अंश वाढले तरी नाजूक प्रथिनांच्या घड्या सुटायला लागतात, आणि पाठराखिणींची धावपळ सुरू होते.

जादा पाठराखिणी हव्यात हे पेशीला कळतं कसं, ते फार सुंदर आहे. एचएसएफ-१ नावाचं एक प्रथिन आहे. ही धोक्याची घंटा. एरवी पाठराखिणीच त्याला धरून गप्प बसवून ठेवतात. पेशीत घड्या सुटायला लागल्या की त्या हातातलं सोडून तिकडे धावतात. इकडे घंटेची दोरी सुटते. मोकळी झालेली एचएसएफ-१ तीन-तीनच्या जुडीने एकत्र येतात, डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि नव्या पाठराखिणी घडवायला लावतात. संकट निवळलं, पाठराखिणी मोकळ्या झाल्या, की त्या पुन्हा दोरी धरतात आणि घंटा थांबते. वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही.

आता वयाचं. व्हिडिओ इथेच घसरला आहे. ‘वयाबरोबर प्रथिन कमी होतं’ हे अर्धवट आहे. उतारवयात खरी उणीव येते ती घंटेच्या आवाजात. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृताच्या पेशींत पाहिलं तर एचएसएफ-१ असतं. कमी झालेलं नसतं. पण उष्णता दिल्यावर ते डीएनएला तितक्या जोमाने धरत नाही, आणि एचएसपी-७० कमी तयार होतं. माणसांच्या पेशींतही हाच कल दिसतो. एका सूक्ष्म गोलकृमीत, ज्याचं सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, हा बदल अंडी घालायच्या वयात येताच काही तासांत होतो, म्हातारपणाची वाटही बघत नाही. रिचर्ड मोरिमोतो यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली हे दाखवलं. त्याच कृमीला एचएसएफ-१ जास्तीचं दिलं तर तो जास्त जगतो, हेही खरं. ते सिंथिया केनियन यांच्या गटाने २००३ साली दाखवलं होतं. व्हिडिओवाल्यांना इथूनच स्फुरण चढलं असावं.

दुसरं असं की वयाबरोबर पेशीत बिघडलेली, साफ न झालेली प्रथिनं साचत जातात. असलेल्या पाठराखिणी त्यांच्यातच गुंतून पडतात. घरात आधीच चार आजारी माणसं असताना दाराशी पाचवं आणून ठेवलं तर करणारीचं काय होईल, तसं. म्हणजे म्हातारपणी काम वाढलेलं, मोकळे हात कमी, आणि जादा माणूस बोलावणारी घंटा क्षीण. अशा पेशीला मुद्दाम चटका देऊन ‘आता वाढव’ म्हणायचं, यात मला शहाणपण दिसत नाही, ताई. भीती वाटते.

आणि हे नुसतं तर्काने सांगत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केविन क्रेगेल आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांना लागोपाठ दोन दिवस एकेकदा उष्णता दिली. तरुणांनी ती सोसली. त्यांच्या यकृतात एचएसपी-७० तयार झालं. म्हाताऱ्यांच्या यकृतात ते कमी पडलं आणि यकृताला मोठी इजा झाली. तापवणं तेच. तरुणाला ते वळण लावून गेलं, म्हाताऱ्याला जखम करून गेलं. भाऊंना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या मोतीबिंदूचा आणि या सगळ्याचा काही संबंध असेल असं पत्र लिहिताना तुमच्या मनातही आलं नसेल. पण आहे, आणि फार जवळचा आहे. डोळ्याच्या भिंगात अल्फा क्रिस्टॅलिन नावाचं प्रथिन असतं, भिंगातल्या प्रथिनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा. ते हीट शॉक प्रोटीनांच्या घराण्यातलंच, छोट्या भावंडांपैकी. ते पाठराखिणीचं काम करतं हे १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी केंद्रकसुद्धा टाकून देतात, प्रकाश अडू नये म्हणून. त्यामुळे तिथे नवं प्रथिन बनत नाही. तुमच्या भिंगाच्या मधोमध जी प्रथिनं आहेत ती तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाची आहेत. आयुष्यभर ऊन, साखर, वय यांनी त्यांतली एकेक बिघडते आणि एकेक अल्फा क्रिस्टॅलिन तिला धरून बसतं, चिकटून गढूळ होऊ देत नाही. पण धरलेलं ते सुटत नाही, आणि नवं येत नाही. भाऊ बँकेत होते, त्यांना लगेच कळेल: हे असं खातं आहे ज्यात भरणा बंद, व्याज नाही, फक्त मुद्दलातून काढायचं. चाळिशीच्या आसपास गाभ्यातली मोकळी शिल्लक संपत आलेली असते. पुढे बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि भिंग धुरकट होतं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. जूनमध्ये तुमचे डॉक्टर जे काढणार आहेत ते हे.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, किती सुरकुत्या पडल्या.’ इतकी वर्षं तिला त्या दिसल्याच नव्हत्या. तुम्ही घाबरू नका, साखर नसेल तर तुम्हाला हे सोपं जाईल. आणि जाता जाता, कडक ऊन डोळ्याच्या भिंगाला वाईटच. भाऊ दुपारी गच्चीवर बसून तुमच्या मागोमाग येतायत.

आता भाऊ, हे तुमच्यासाठी. ताईंच्या हातून घेऊन स्वतः वाचा.

तुम्हाला विज्ञान कळतं असं मी धरून चालते, कारण तुम्ही शोध घेतलात, नुसतं बसून राहिला नाहीत. तुमच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी मीच बोलते. थोडी उष्णता आधी सोसली की पुढची मोठी उष्णता सोसायला पेशी तयार होते, हे खरं. डेन्मार्कमध्ये काम करणारे सुरेश रत्तन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी आठवड्यातून दोनदा, एक तास, ४१ अंशांवर ठेवल्या. त्या पेशींत म्हातारपणाच्या खुणा उशिरा आल्या. हेही खरं. फिनलंडमध्ये २३१५ पुरुषांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. जे आठवड्यातून चार ते सात वेळा सौना (तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणं) घेत, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण आठवड्यातून एकदा घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. साखरेच्या आठ रुग्णांना १९९९ साली तीन आठवडे, आठवड्यातून सहा दिवस अर्धा तास गरम पाण्याच्या टबात बसवलं, तर उपाशीपोटीची साखर सरासरी १८२ वरून १५९ वर आली. हा शेवटचा आकडा वाचून तुमचे डोळे चमकतील, म्हणून तो लपवला नाही.

पण नीट बघा. रत्तन यांच्या पेशी बशीत होत्या. बशीतल्या पेशीला हृदय नसतं, बी.पी. नसतं, ती जिना उतरत नाही. फिनलंडमधली माणसं अभ्यास सुरू झाला तेव्हा ४२ ते ६० वर्षांची होती, लहानपणापासून सौनाची सवय, आत पाव तास बसायचं आणि बाहेर गारव्यात यायचं. शिवाय जो माणूस आठवड्यातून पाच वेळा सौनात जाऊ शकतो तो मुळात धडधाकट असतो. सौनामुळे तो निरोगी की निरोगी म्हणून सौनात, हे अशा पाहणीतून पक्कं सांगता येत नाही. टबातली माणसं होती आठ. आठ. तो प्रयोग डॉक्टरांनी केलेला होता. आणि यांतलं कुणीही अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे सावलीतला पारा ४५ ला टेकतो, टळटळीत उन्हात सिमेंटच्या गच्चीवर बसलेलं नव्हतं. तुम्ही खाली आलात तरी घर तापलेलं, कूलर बंद, रात्रीही भिंती वाफाळतायत. शरीराला गार व्हायला सवडच नाही. दुरुस्तीला वेळच मिळत नसेल तर पाठराखिणी करणार काय?

भोवळ आली ती ‘जुळवून घेणं’ नाही. उन्हात अंग थंड ठेवायला कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी जातं, रक्तदाब उतरतो. त्यात तुमची बी.पी.ची गोळी जर लघवी वाढवणारी असेल तर पाणी आणखी कमी. साखर बरीच वर्षं असेल तर उभं राहताना रक्तवाहिन्या आवळून घेणाऱ्या नसाही मंदावलेल्या असतात. उठून चालायला लागलात की मेंदूला रक्त कमी पडतं. कठडा नसता तर आज हे पत्र वेगळं आलं असतं. शरीर खरंच उन्हाला जुळवून घेतं, एक-दोन आठवड्यांत. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, चक्कर येईनाशी होते. ते तरण्या माणसाचं, कामाच्या ओघात होणारं. साठीनंतर घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. म्हणजे पेशीच्या आतलीच नव्हे, बाहेरची घंटाही क्षीण होते. ‘मला काही त्रास होत नाही’ हे तुमचं वाक्य म्हणूनच मी पुरावा मानत नाही.

मग काय करायचं? एचएसपी-७० वाढवायला उन्हाची गरजच नाही. स्नायू दमला की तो स्वतः ते तयार करतो. उतारवयात थोडं कमी करतो, पण करतो. पहाटे साडेपाचला ताईंना घेऊन बाहेर पडा, सातच्या आत घरी या, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. दहा वेळा, मग थोडा दम खाऊन पुन्हा दहा वेळा. मांडीचे स्नायू हा शरीरातला सगळ्यात मोठा कारखाना आहे. साखरेलाही याचा उपयोग होतो, आणि त्यासाठी आठ माणसांच्या प्रयोगावर भिस्त ठेवायला लागत नाही. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर उपाशीपोटी लांब जाऊ नका, काहीतरी खाऊन निघा.

वाफेची पेटी नको. ओली वाफ तर कोरड्या उन्हाहून वाईट, कारण तिच्यात घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसायचं कुणी सुचवलं तर तेही नको. साखरेने पायाची संवेदना कमी झाली असेल तर भाजलेलं कळत नाही, आणि ती जखम महिनोन् महिने पुरते.

कॅप्सूलचे पैसे ताईंकडे द्या. म्हातारपण थांबवायला हीट शॉक प्रोटीन वाढवणारं कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. या वाटेने जाणारी औषधं आहेत, पण ती कशासाठी ते ऐका. जपानमध्ये पोटातल्या अल्सरवर टेप्रेनोन वापरतात, ते एचएसपी-७० वाढवतं. आरिमोक्लोमॉल नावाचं औषध घंटेचा आवाज वाढवायला मदत करतं; २०२४ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती नीमन-पिक या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारात तेच औषध चाचणीत उपयोगी ठरलं नाही. आणि या नाण्याची दुसरी बाजू तर व्हिडिओत येणारच नाही: कॅन्सरच्या पेशींनाही या पाठराखिणी हव्या असतात. त्यांच्यातली बिघडलेली प्रथिनं यांच्याच आधाराने तग धरतात. सुझान लिंडक्विस्ट यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांना कॅन्सर कमी होतो. म्हणून कॅन्सरसाठी एचएसपी-९० दाबणारी औषधं शोधण्यात संशोधकांनी वर्षं घालवली आहेत. जे वाढवावं की दाबावं हे पेशीगणिक बदलतं, ते डबीत भरून सगळ्यांना विकणाऱ्यावर मला राग येतो. साधा राग.

रक्तातलं एचएसपी तपासून देतो असं कुणी म्हटलं तरी जाऊ नका. हे प्रथिन पेशीच्या आत काम करतं. रक्तात ते दिसतं ते बऱ्याचदा पेशी दुखावल्यामुळे, म्हणून तिथला आकडा जास्त आला तर आनंद मानण्यासारखं काही नाही.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. विदर्भातली हवा कोरडी आहे, तिथे कूलरसारखा दुसरा उपाय नाही. वाळ्याच्या ताट्या मिळत असतील तर त्या लावा. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं. पाणी तहान लागण्याआधी, ठरावीक वेळी. ताक, पन्हं चालेल. भाऊंच्या पन्ह्यात गूळ-साखर नको, आणि बी.पी. असल्याने मीठ बेतानेच. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरांनाच विचारा. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर बाहेर जाऊ देऊ नका.

आणि हे तेवढं पाठ करून ठेवा. उन्हाने कुणी बरळायला लागलं, ओळखेनासं झालं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरी. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ धरा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही देऊ नका. हा तो ताप नव्हे, तिचा उपयोग होत नाही.

या आठवड्यात भाऊंना डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. भोवळ आली तो दिवस, ती वेळ, तेव्हा जेवले होते का, पाणी किती झालं होतं, हे कागदावर लिहून न्या. बी.पी. आडवं झोपवून आणि मग उभं करून, असं दोनदा बघायला सांगा. उन्हाळ्यात गोळीची मात्रा बदलायची का ते डॉक्टर ठरवतील. गोळी परस्पर बंद करू नका.

तुम्ही त्यांच्याशी भांडू नका असं मात्र मी सांगणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा हक्क असतो. फक्त एक बघा. निवृत्तीनंतर नऊ वर्षं झाली, बरोबरीचे कुणी ना कुणी दरवर्षी जात असतील. माझ्या वडिलांच्या बँकेतल्या मित्राला पक्षाघात झाला आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी पहाटे चारला थंड पाण्याने आंघोळ सुरू केली, पौषात. आई रोज ओरडायची. मीही ओरडायचे. ते घाबरलेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून नुसतं विचारलं, ‘काकांची फार आठवण येते का?’ त्यावर ते बराच वेळ बोलले. मी अडवलं नाही, ऐकत राहिले.

जूनमधल्या ऑपरेशननंतर तुमच्या डोळ्यांत दिवसातून चार-सहा वेळा थेंब घालायचे असतील, वेगवेगळ्या बाटल्या, वेगवेगळ्या वेळा, दर आठवड्याला कमी होत जाणाऱ्या. हे तुम्हाला स्वतःला जमणार नाही, आणि चुकून चालत नाही. एक वही आणा, रकाने पाडायला भाऊंना सांगा: तारीख, वेळ, बाटली, सही. हात साबणाने धुऊन, खालची पापणी हलकेच ओढून, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता एकच थेंब, आणि दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं. दुपारचा एक थेंब साडेबाराचा ठेवायला सांगा डॉक्टरांना, जमत असेल तर.